संगणकावरचा महिना आणि उधारीची वही

अमेरिकेतील डरहॅम येथे २०११ मध्ये तयार झालेल्या ‘स्पेंट’ या गरिबीवरच्या संगणकीय खेळात उरलेल्या १००० डॉलरांवर महिना काढायचा असतो, आणि भाडे की औषध ही ओढाताण तो प्रामाणिकपणे दाखवतो. विद्यार्थ्यांना तोंडओळख म्हणून तो चालेल. गरिबी समजून घेण्यासाठी मात्र मी जळगाव जिल्ह्यातील पारोळ्याकडच्या मजूर कुटुंबाची किराणा दुकानातील उधारीची वहीच पुढे ठेवेन. कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, अवकाळी पावसात तीही बुडते, त्यामुळे उत्पन्न महिन्याच्या मापात बसतच नाही. तेल, चहापत्ती सुटी घ्यावी लागल्याने महाग पडते. खेळातील महिना संपतो, वहीतील मागील बाकी पुढच्या पानावर चढते. अर्थात शेजारणीकडून उसनी आणलेली दादर ज्वारी या वहीतही नोंदलेली नसते.