1949 चा देवळांचा टपाल तिकीट सेट घेतला, कसा निघाला ते लिहितोय

दसरा चौकाजवळच्या एका प्रदर्शनात जुन्या तिकिटांचा स्टॉल होता, तिथनं 1949 चा 16 तिकिटांचा सेट उचलला, वापरलेला, दीड हजाराला. 15 ऑगस्ट 1949 ला आलेली ही सिरीज, नाशिकच्या प्रेसात छापलेली, आणि त्याच वर्षी 1 मार्चला आपलं कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालेलं. त्यामुळे मला ह्या सेटचं फार अप्रूप आहे. दोन आण्याच्या नटराजावर अर्धा शिक्का आहे आणि त्यात इंग्रजीत ‘कोल्हा’ एवढंच वाचता येतं, ते भिंगातनं दिसलं तेव्हाच मी पाकीट काढलं.

चित्रांबद्दल बोलायचं तर विषयच नाही. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, सांचीचं तोरण, बोधगया, खजुराहोचं कंदारिया महादेव, अमृतसरचं सुवर्णमंदिर, आपल्या शेजारच्या विजापूरचा गोलघुमट, सगळं एका सिरीजमध्ये, बौद्ध हिंदू जैन शीख मुसलमान कुणी राहिलेलं नाही. आण्यांची तिकिटं एकाच रंगात, रुपयांची मात्र दोन रंगांत आणि मोठी. एकाच रंगात असूनही दगड दगडासारखा दिसतो, खिद्रापूरला कोपेश्वराच्या खांबांवर ऊन तिरपं पडल्यावर कोरीवकाम जसं उठून येतं ना, तसं. सगळ्यात महागडं 15 रुपयांचं, पालिताण्याच्या शत्रुंजयाचं, त्यात डोंगरावर देवळांची नुसती दाटी, कुंभोजचा बाहुबली चढलेल्या माणसाला ते बघून पायऱ्याच आठवतात.

आता तक्रार. घरी येऊन एक आण्याचा बोधिसत्त्व नीट बघितला तर उजवा हात पुढे! 1949 च्या मूळ तिकिटात मूर्ती उलटी छापली गेली होती, आरशात दिसावी तशी, म्हणून डावा हात पुढे दिसतो, आणि ती चूक सुधारून 1950 मध्ये उजव्या हाताचं तिकीट काढलं. म्हणजे मला मिळालेलं 1950 चं. प्रश्न एका आण्याचा नाही, सेट 1949 चा म्हणून विकला तर तो 1949 चाच पाहिजे. दुसऱ्या दिवशी गेलो, स्टॉलवाले काका म्हणाले, “दादा, एवढं कोण बघतंय?” मी म्हटलं काका, तिकिटं घेणारा माणूस हेच तर बघतो. मग त्यांनी डबा उपसून डाव्या हाताचं काढून दिलं आणि पहिलंही ठेवा म्हणाले, तेवढं मात्र मनापासून आवडलं. आता दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी लावलीत.

बारा आण्याच्या सुवर्णमंदिराची पाठ मात्र खराब आहे, कुणीतरी चिकटपट्टी ओढून काढलीय त्यामुळे कागद पातळ झालाय, उजेडात धरलं की पांढरट खिडकी दिसते. घेताना प्रत्येक तिकीट उलटं करून बघा, पुढनं काही कळत नाही.

त्याच स्टॉलवर 2010 चं बृहदीश्वराचं 5 रुपयांचं पण घेतलं, तंजावरच्या देवळाला 1000 वर्षं झाली तेव्हाचं. हे खरं कमेमोरेटिव्ह, प्रसंगापुरतं छापलेलं, 1949 ची सिरीज रोजच्या टपालासाठीची, म्हणून ती मुबलक मिळते. नवीन तिकीट सुबक आहे पण जुन्याच्या रेघांसमोर मला ते फोटोच वाटतं.

आणि एक, आपल्या पावसाळ्यात अल्बम आडवा दाबून ठेवू नका, जुलैत तिकिटं पानाला चिकटतात, तपकिरी ठिपके येतात. उभा ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

सेट घ्यावा का, तर डोळे झाकून घेऊ नका पण घ्याच. मला बारा आण्याचं साफ पाठीचं हवंय, कुणाकडे जादा असेल तर सांगा, बदल्यात गोलघुमट देतो, तो माझ्याकडे आधीपासनं एक आहे.