फ्रेस्को, एग टेम्परा की तैलरंग? प्रबोधनकाळातलं चित्रतंत्र शिकू पाहणाऱ्यांसाठी

पंधराव्या शतकातल्या इटलीत चित्रकारापुढे मुख्यतः तीन वाटा होत्या. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर फ्रेस्को, लाकडी फळीवर अंड्याच्या बलकातला टेम्परा, आणि शतकाच्या उत्तरार्धात फ्लँडर्सकडून (आजच्या बेल्जियमकडचा प्रदेश) येऊन रुजलेले तैलरंग. आज हे शिकायला निघालेले बहुतेक जण आवडत्या चित्रावरून तंत्र ठरवतात. मोनालिसा आवडली की तैलरंग, सिस्टाइन चॅपेल आवडलं की फ्रेस्को. हा निकष फसवा आहे. तुम्हाला निर्णय कधी घ्यायला जमतं, हे आधी बघा. फ्रेस्कोत सगळं आधी ठरवावं लागतं, टेम्परात रेघेगणिक ठरवावं लागतं, आणि तैलरंगात निर्णय हवा तितका पुढे ढकलता येतो.

लिओनार्दोचं ‘अंतिम भोजन’ (मिलान, सुमारे 1495 ते 1498) याचा उत्तम दाखला आहे. काम भिंतीवरचं, पण चित्रकार पुन्हापुन्हा बदल करणारा. ओला गिलावा ही मुभा देत नाही, म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर टेम्परा आणि तेलाच्या मिश्रणात रंगवलं. रंग भिंतीत मुरलाच नाही, नुसता वर बसला. भिंतीत ओल आली आणि लिओनार्दोच्या हयातीतच पापुद्रे सुटायला लागले. 1556 च्या सुमारास चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने ते पाहिलं तेव्हा डागांपलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. याउलट ‘अंतिम न्याय’साठी सिस्टाइनची भिंत तेलाकरता तयार केलेली असताना मायकेलअँजेलोने तो थर काढायला लावला आणि फ्रेस्कोच केला. स्वभाव आणि तंत्र जुळलं की काय होतं, ते समोर आहे.

फ्रेस्को: घड्याळ भिंतीच्या हातात

रंगात चिकट माध्यम नसतं, फक्त पाणी. गिलाव्यातला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या स्फटिकांत अडकतात. म्हणून ओला असेपर्यंतच रंगवायचं. साधारण सहा ते आठ तास मिळतात. तेवढ्या वेळात होईल तेवढाच तुकडा लिंपायचा. इटालियन कारागीर त्याला ‘जोर्नाता’, म्हणजे एका दिवसाचं काम, म्हणत.

सरावाला भिंत नको. एक फूट चौरस भाजकी मातीची फरशी रात्रभर पाण्यात भिजवा. पहिला जाड थर सुमारे एक सेंटिमीटरचा, एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग जाडी वाळू. तो खडबडीतच ठेवा, घोटू नका. त्यावर तीन ते पाच मिलिमीटरचा बारीक थर, एकास दीड किंवा दोन भाग बारीक चाळलेली वाळू. बोट टेकवल्यावर गिलावा बोटाला चिकटेनासा झाला की सुरुवात. पहिल्या तासात ब्रशने गिलावाच उचलला जातो, म्हणून हात हलका ठेवा. रंग सगळ्यात छान शेवटच्या दोन तासांत मुरतो, आणि नेमकं तेव्हा थकायला होतं. ब्रश ओढला जायला लागला, रंग वरच राहायला लागला की थांबा. त्यानंतर लावलेलं सगळं पुढे पुसलं जातं. उरलेला कोरा गिलावा तिरकी कड धरून कापून काढायचा. चूक झाली असेल तर तोही भाग खरवडून पुन्हा लिंपायचा, दुसरा उपाय नाही.

इथे बिघडतं ते बहुधा चुन्यामुळे. पोत्यातली जुनी भुकटी हवा लागून अर्धी मेलेली असते. चुनकळी विरवून, वर पाणी ठेवून किमान तीन-चार महिने मुरवलेला लोण्यासारखा चुना लागतो. विरवताना चुना उकळतो, उडतो. चष्मा आणि हातमोज्यांशिवाय जवळ जाऊ नका. समुद्राची वाळू वापरली तर क्षार वर येऊन पांढरे डाग पडतात. सिमेंट मिसळायचा मोहही याच कारणाने टाळायचा. पाणी जास्त झालं तर बुरशी येते. सिस्टाइनच्या छतावर 1508-09 मध्ये ‘महापुरा’च्या प्रसंगावर अशी बुरशी आली तेव्हा मायकेलअँजेलो काम सोडायला निघाला होता.

रंगही थोडेच चालतात: गेरू, पिवडी, हिरवी माती, उंबर (umber, तपकिरी मातीचा रंग), काळा आणि चुन्याचाच पांढरा. शिशाचा पांढरा भिंतीवर काळा पडतो. इटलीतल्या असिसीला चित्रकार चिमाबुएच्या भित्तिचित्रांत उजेडाच्या जागा आज काळ्या दिसतात, त्या यामुळेच. आणखी एक: वाळल्यावर सगळे रंग बरेच फिके होतात, त्यामुळे आधी तुकड्यावर लावून, वाळवून पाहिल्याशिवाय अंदाज येत नाही.

अजिंठ्याचा दाखला इथे हमखास दिला जातो, पण ती चित्रं मातीच्या लिंपणावर, कोरड्या पृष्ठभागावर चिकट माध्यमाने रंगवलेली आहेत. या अर्थाने तो फ्रेस्को नव्हे.

टेम्परा: रेघेची शिस्त

बोत्तिचेल्लीचा ‘व्हीनसचा जन्म’ टेम्परातच आहे, तोही कापडावर. शिकणाऱ्याने मात्र कापडाच्या वाटेला जाऊ नये. वाळलेला टेम्परा ठिसूळ असतो, पृष्ठभाग लवला की तडकतो. एमडीएफ किंवा चांगल्या प्लायचा तुकडा घ्या, वहीच्या पानाएवढा पुरे.

खरी मेहनत रंगाखालच्या पांढऱ्या अस्तरात आहे. एक भाग सरस दहा भाग पाण्यात रात्रभर फुगवायचा, मग भांडं गरम पाण्यात ठेवून विरघळवायचा. उकळला तर त्याची ताकद जाते. त्यात खडूची पूड सोडून साईएवढं दाट झालं की सहा ते आठ हात द्यायचे, एक आडवा, एक उभा. जोरात ढवळलं तर बुडबुडे अडकतात आणि वाळल्यावर सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतात. सरस जास्त झाला तर अस्तराला भेगा जातात. पावसाळ्यात हे काम काढू नका. थर वाळत नाहीत आणि सरसाला वास सुटतो.

बलक वेगळा केल्यावर तो तळहातावर इकडून तिकडे घेत कोरडा करायचा, पापुद्रा चिमटीत धरून खाली टोचायचा. आतलं द्रव्य वाटीत येतं, पापुद्रा हातात राहतो. तेवढंच पाणी मिसळा. रंगाची पूड आधी पाण्यात घोटून ठेवलेली असावी, ती आणि हे मिश्रण साधारण निम्मं-निम्मं. प्रमाण जमलं का, हे काचेवर पाहता येतं. एक पट्टा ओढा, वाळू द्या, ब्लेडने उचला. अखंड पापुद्रा निघाला तर ठीक. भुगा झाला तर बलक कमी पडला. तेलकट, चिकट राहिला तर जास्त झाला. मिश्रण रोज नवं करावं. व्हिनेगरचे दोन थेंब घातले तर एखाद दिवस जास्त टिकतं, पण अल्ट्रामरीन निळ्याला आम्ल सोसत नाही.

हा रंग काही क्षणांत वाळतो, त्यामुळे दोन छटा ओल्या असताना एकमेकींत मिसळता येत नाहीत. बारीक ब्रश जवळजवळ कोरडा करून शेकडो रेघा शेजारीशेजारी मारायच्या, त्यातून गोलाई येते. चेहऱ्याखाली आधी हिरव्या मातीचा थर देत. वरचा गुलाबी झिजलेल्या जुन्या फळ्यांवर चेहरे हिरवट दिसतात ते त्यामुळे. इटालियन चित्रकार चेन्नीनो चेन्नीनीने सुमारे 1400 मध्ये लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीचं अंडं सांगितलं आहे, कारण त्याचा बलक फिका असतो. गावठी अंड्याचा लालसर बलक वयस्क, सावळ्या चेहऱ्यांना.

तैलरंग: सोपी सुरुवात, लांबलेला हिशेब

फ्लँडर्सच्या यान व्हान आइक या चित्रकाराने तैलरंग शोधले, ही वासारीची कथा खरी नाही. बाराव्या शतकातल्या लेखनातही तेलात रंग घोटण्याची माहिती आहे. पण अर्धपारदर्शक थरांवर थर चढवून तेलातून काय काढता येतं, ते त्याने 1430 च्या दशकात दाखवलं. तैलरंगात काम करणारा इटालियन चित्रकार अंतोनेल्लो दा मेस्सीना 1475-76 मध्ये व्हेनिसमध्ये होता, आणि त्या शहराने हे तंत्र असं उचललं की मागे वळून पाहिलं नाही. त्याला हवामानही कारण होतं. खाऱ्या, दमट हवेत भिंतीवरचे फ्रेस्को टिकत नव्हते. तिथल्याच जोर्जोने आणि तित्सियान या चित्रकारांनी 1508 च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांच्या इमारतीवर केलेल्या चित्रांचे आज जेमतेम तुकडे उरलेत. मुंबई, रत्नागिरी, पणजीकडे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बाहेरच्या भिंतीवर फ्रेस्कोचा विचार नको.

तैलरंग हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात. उंबर दोन-तीन दिवसांत वाळतो, हस्तिदंती काळ्याला आठवडा किंवा जास्तही लागतो. म्हणून खालच्या थरात तेल कमी, वर जास्त. उलटं केलं तर वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो. हार्डवेअरच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ जवसाचं तेल घेऊ नका, ते काळवंडतं. व्हार्निश सहा महिन्यांनंतर. तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

मग घ्यावं काय?

घरात अंडं चालत नसेल तर टेम्परा बाद, आणि सरसही जनावराच्या कातड्या-हाडांचा असतो हे धरा. पूर्ण शाकाहारी तंत्र फ्रेस्कोच. तैलरंगही चालतील, फक्त अॅक्रिलिक अस्तराचा कॅनव्हास आणि नायलॉनचे ब्रश घ्या. आठवड्यातून दोन तास, तेही तुटक मिळत असतील तर तैलरंग. रोज संध्याकाळी तासभर बसता येत असेल आणि रेखाटन पक्कं करायचं असेल तर टेम्परा. सलग अख्खा दिवस मोकळा मिळणार असेल तरच फ्रेस्को.

काहीच आड येत नसेल तर आमचं मत टेम्पराच्या बाजूने आहे. फळी दोन-तीन दिवसांत तयार होते, चूक लगेच दिसते, आणि त्यात कमावलेली छटांची जाण पुढे दोन्हीकडे उपयोगी पडते. फ्रेस्कोचंही मनात असेल तर चुना आजच विरवून झाकून ठेवा, वर चार बोटं पाणी राहील एवढं बघा. फळीवरची पहिली चार-पाच चित्रं होईपर्यंत तो वापरण्याजोगा मुरलेला असेल.