तीस दिवसांचं रेकॉर्डिंग मिळालं, चोर मात्र दिसला नाही

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत १६ कॅमेरे बसवले. बिल २,८४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५१,१२० आणि इंटरनेटच्या नावाखाली वेगळे २८,३२०. एकूण ३,६३,४४० रुपये. चेकवर सही माझी, सेक्रेटरी म्हणून. कंत्राटदाराचं नाव लिहू नका असं वकिलांनी बजावलंय, म्हणून लिहीत नाही. पण धंदा कसा केला ते सगळं लिहितो.

पार्किंगमधून एका सभासदाची स्कूटर गेली. फुटेज काढलं. तारीख बरोबर, वेळ बरोबर, गेटमधून स्कूटर ढकलत नेणारा माणूसही दिसतोय. पण चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन आणि नंबरप्लेटचा पांढरा फराटा. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं हे चित्र! कंत्राटदाराला फोन केला तर म्हणे, ‘साहेब, रात्रीचं असंच येतं.’ खोटं. दिवसाचं काढून बघितलं, तेही तसंच.

माझा भाचा नेटवर्किंगमध्ये आहे. त्याने एनव्हीआरची, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनची, सेटिंग उघडली आणि प्रत्येक कॅमेऱ्यासमोर बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा साठवला जातो तो आकडा; कमी असला की चित्र धूसर) दाखवला: ७६८ केबीपीएस. कोटेशनमध्ये ३ एमबीपीएस, म्हणजे जवळपास चौपट, लिहिलं होतं. एक एमबीपीएस चोवीस तास चाललं की १०.८ जीबी जागा खातं. १६ कॅमेरे गुणिले ३, म्हणजे ४८ एमबीपीएस, दिवसाला साधारण ५१८ जीबी, तीस दिवसांना साडेपंधरा टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). म्हणूनच कोटेशनमध्ये ८ टीबीच्या दोन डिस्क होत्या, प्रत्येकी २१,५००. कोटेशन चोख होतं. आत बसवल्या २ टीबीच्या दोन! चार टीबीत तीस दिवस कोंबायचे तर बिटरेट ७६८ वर आणावा लागतो, आणि कंत्राटदाराने तो बरोब्बर तिथेच आणून ठेवला. करारात ‘३० दिवसांचं रेकॉर्डिंग’ होतं ना? मिळालं की तीस दिवसांचं! या माणसाला गणित येत नव्हतं असं कुणी म्हणू नये.

आता ज्या गोष्टीने अजून झोप उडते ती. काम पूर्ण झालं त्या दिवशी त्याने स्वतः डिस्कचं पान स्क्रीनवर उघडलं होतं. दोन ओळी, दोन्हींसमोर १८६३ जीबी. मी विचारलं, ‘हे कमी नाही का दिसत?’ तो हसून म्हणाला, ‘फॉर्मॅट केल्यावर थोडी कमीच दिसते, साहेब.’ आता यात खोटं काय पकडणार? १६ जीबीचा पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला की १४.९ दिसतो, हे मीही रोज बघतो. पण ८ टीबीची डिस्क ७४५२ दिसते, १८६३ नाही. समोर आकडा होता, माझ्या हातात कोटेशन होतं आणि बाजूला खजिनदार चेकबुक घेऊन उभे होते. कुणीतरी चहा आणला, विषय तिथेच संपला. पंचवीस वर्षं बँकेत काढली मी. रुपयाच्या आकड्यात कुणी मला असं गंडवलं नसतं. पण डिस्क जीबीत मोजायची की टीबीत, हे आमच्या कमिटीत कुणाला ठाऊक होतं? तीन कोटेशनं मागवली होती, जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले होते. अजून काय करायचं?

डिस्क बाहेर काढल्या तर वर निगराणीच्या डिस्कचं जांभळं लेबल, कोपरा नखाने उचलला की खाली दुसरं लेबल. भाच्याने त्या तपासल्या. चालू असलेले तास ३१,०००च्या वर, म्हणजे साडेतीन वर्षं दुसरीकडे राबून आमच्याकडे ‘नव्या’ आल्या. लेबलवरचा सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर वॉरंटीसाठी टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. पैसे देण्याआधी.

कॅमेऱ्यांना केबलमधूनच वीज आणि जोडणी देणाऱ्या स्विचचंही तेच. शेवटचे चार कॅमेरे रात्री बंद पडून परत चालू व्हायचे. अंधारात इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त वीज ओढतो आणि याने बसवलेल्या स्विचची एकूण ताकद १२० वॉट, कोटेशनमध्ये २५०. प्रत्येक पोर्टला किती वॉट हे विचारू नका, सगळ्या पोर्टना मिळून किती ते विचारा. केबल तांब्याची म्हणून घेतली. ब्लेडने तार खरवडली तर आत पांढरी ॲल्युमिनियम.

आणि ते २८,३२० रुपये! ‘१६ कॅमेऱ्यांना २०० एमबीपीएसची वेगळी लाइन लागतेच.’ कशाला? रेकॉर्डिंग बिल्डिंगच्या आतच होतं, त्याला इंटरनेट लागतच नाही. मोबाइलवर बघायला लागतो तो अपलोडचा वेग, आणि तिथे हलका सबस्ट्रीम, म्हणजे त्याच चित्राची कमी दर्जाची प्रत, जातो. सोसायटी ऑफिसचं जुनं कनेक्शन पुरलं असतं.

घाई त्याने कशी लावली तेही ऐका. ९ एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सरकारी सुरक्षा चाचणीची अट लागू होणार होती, ही गोष्ट खरी. ‘मग भाव चढतील, आजच ॲडव्हान्स टाका.’ खरी बातमी, खोटी घाई. उलट चाचणीचं प्रमाणपत्र दाखव म्हणायचं असतं अशा वेळी.

पोलीस चौकीत गेलो तर आधी स्कूटरच्या चोरीसाठी फुटेज मागितलं. दिलं, बघितलं, म्हणाले यात काही दिसत नाही. अहो, तीच तर तक्रार आहे! त्यावर उत्तर: ‘मशीन चालू आहे ना? मग फसवणूक कुठे? हे सिव्हिल मॅटर.’ पूर्वीचं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं, एवढं मला समोरच्या साहेबांनी समजावलं. अर्ज मात्र घेतला नाही. सायबरवाले म्हणाले, व्यवहार चेकने झालाय, आमच्याकडे येत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, ‘विक्रेत्याचा प्रतिसाद नाही’ म्हणून बंद झाली. उपनिबंधक कार्यालयाचं म्हणणं, सोसायटीचा अंतर्गत विषय. जीएसटीचं पोर्टल बघितलं तर त्याचा नंबर बिलाच्या तारखेआधीच रद्द झालेला! म्हणजे ५१,१२० रुपये कर नव्हताच, थेट खिशात. जीएसटी कार्यालयात अर्ज दिला, आवकचा शिक्का मिळाला. पुढे चिडीचूप. पाच खिडक्या, सगळीकडे मान हलवणारी माणसं, आणि तो पठ्ठ्या मजेत दुसऱ्या सोसायट्यांत कॅमेरे टांगतोय.

वर सर्वसाधारण सभेत एक सभासद उठून विचारतात, ‘सेक्रेटरींना किती टक्के सुटले?’ फुकट राबणाऱ्याला हे ऐकावं लागतं.

जिल्हा ग्राहक आयोगात आता तक्रार दाखल करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. दोन्ही डिस्क कमिटीच्या सह्यांनी सील करून कपाटात ठेवल्यात.

तुमच्याकडे नुकतेच कॅमेरे लागले असतील तर आज रात्री एनव्हीआर उघडा. डिस्कचं पान आणि बिटरेट, दोन्ही कोटेशनशी लावून बघा. आकडे जुळले नाहीत तर आधी स्क्रीनचे फोटो काढा, पासवर्ड बदला, आणि मगच त्याला फोन करा. आमच्याकडे ७६८ चा आकडा दिसल्यावर फोन आधी झाला, आणि दुसऱ्या दिवशी भाच्याने परत बघितलं तर बिटरेट बाहेरूनच वाढवलेला होता.