शोरलाइन लेक, माउंटन व्ह्यू: पहिलं वल्हं मारायला हीच जागा, पण सकाळीच

सॅन फ्रान्सिस्को बे एरियात कयाकिंगचा, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या लांब, अरुंद, छोट्या बोटीचा, विषय निघाला की लोक थेट सॉसालिटो किंवा एल्कहॉर्न स्लूचं नाव घेतात. नवशिक्याने पहिल्याच फटक्यात तिकडे जाऊ नये. तिथलं भरती-ओहोटीचं गणित आणि हातातलं वल्हं दोन्ही एकदम सांभाळणं जमत नाही. त्यापेक्षा माउंटन व्ह्यूचा शोरलाइन लेक बरा. दिसायला अगदीच साधा आहे: सुमारे 50 एकरांचा, माणसाने खोदलेला, आजूबाजूला सपाट जमीन आणि पलीकडे ऑफिसं. पण प्रवाह नाही, मोटारबोटींच्या लाटा नाहीत, आणि कुठेही गेलात तरी काठ नजरेत राहतो. शिकायला आणखी काय हवं?

खरी अडचण वाऱ्याची. उन्हाळ्यात सकाळी पाणी संथ असतं. दुपार झाली की खाडीकडून वायव्येचा वारा सुरू होतो आणि तीन-चारच्या सुमारास विंडसर्फिंगवाले खूश असतात. म्हणजे तुम्ही नसता. शनिवारी आरामात जेवूनखाऊन निघणारी मंडळी नेमकी त्याच वेळी पोचतात आणि ‘कयाक सरळ जातच नाही’ म्हणत वैतागून परततात. कयाकचा दोष नसतो. आडवा वारा लागला की तिचं नाक आपोआप वाऱ्याकडे वळतं. म्हणून बोटहाउस (जिथे बोटी भाड्याने मिळतात) उघडल्या उघडल्या पहिली वेळ घ्या; वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे हात दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहील. पहिल्या वेळी एक तास पुरे.

पाणी खारं आहे, खाडीतून पंपाने आत घेतलेलं. पोहायला बंदी आहे. चुकून पडलात तर गोष्ट वेगळी. जीन्स घालू नका, भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. साधी स्पोर्ट्स पँट, पायात मागे पट्टा असलेली सँडल, चष्म्याला दोरी आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत, एवढं बास. रबरी चप्पल बोटीत राहत नाही. फोन न्यायचाच असेल तर वॉटरप्रूफ पाऊच जॅकेटला अडकवा. खारं पाणी फोनला गोड्यापेक्षा वाईट.

लाइफ जॅकेट घातल्यावर दुसऱ्या कुणाला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकलं तर बाजूचे पट्टे सैल आहेत किंवा माप मोठं आहे. कॅलिफोर्नियात 13 वर्षांखालच्या मुलांनी ते अंगावर घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. मोठ्यांनीही ‘मला पोहता येतं’ हे कारण सांगू नये.

बोट कुठली घ्यावी? नवरा-बायकोने शक्यतो दोन वेगळ्या सिंगल कयाक घ्याव्यात. डबलमध्ये वल्ही एकमेकांवर आपटतात आणि दोष कुणाचा यावर काठापर्यंत चर्चा चालते. मूल बरोबर असेल तर डबलच घ्या: जड माणूस मागे, पुढचा ताल धरणार, मागच्याने तोच ताल उचलून दिशा सांभाळायची. स्टँड-अप पॅडलबोर्डवर, म्हणजे उभं राहून वल्हवायच्या फळीवर, आधी गुडघ्यांवर बसून काठापासून दूर जा, मगच फळीच्या मधोमध उभं राहा. नजर पायांकडे गेली की तोल गेलाच. भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी पेडल बोट उत्तम, मात्र गुडघे दुखत असतील तर नको. ती उंच असल्याने वारा तिला भराभर ढकलतो आणि परतीला पाय भरून येतात.

आता वल्हं. ते डोक्यावर आडवं धरा. कोपरं साधारण काटकोनात आली की हातांतलं अंतर बरोबर. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी. बहुतेक जण ते उलटं धरतात, मग जोर लागतो पण बोट रेंगाळते. पाय पायटेकूवर टेकवून गुडघे किंचित वाकवा. पातं पायाच्या बोटांपाशी पूर्ण बुडवा, कमरेपाशी बाहेर काढा. त्याच्या मागे ओढत नेलं तर बोट फक्त वळते. ओढायचं ते दंडाने नाही, धड फिरवून. दहा मिनिटांत दंड भरून आले तर पद्धत चुकतेय असं समजा. वळायचं असेल तर एका बाजूने लांब अर्धवर्तुळ काढा.

भाड्याच्या कयाकमध्ये आत शिरायचं नसतं, तिच्या वरच बसायचं असतं, आणि तिच्या तळाला भोकं असतात. त्यातून थोडं पाणी बैठकीत येणारच. बोट फुटलेली नाही. उलटलात तर आधी बोट धरा, ती सुलटी करा, मधोमध या, पाय मागे पाण्यात जोरात मारत पोट बोटीवर घाला, मग उताणे होऊन बैठकीवर बसा आणि शेवटी पाय आत. टोकाकडून चढायला गेलात की ती पुन्हा उलटते. काठाजवळ एकदा मुद्दाम करून पाहायचं असेल तर आधी बोटहाउसच्या माणसांना विचारा.

उरलेला दिवस तळ्याभोवतीच्या पार्कात सहज जातो. 1983 साली खुला झालेला हा पार्क कचऱ्याच्या भरावावर उभा आहे. शेजारचं अ‍ॅम्फिथिएटर (संगीताच्या कार्यक्रमांचं खुलं प्रेक्षागृह) 1986 मध्ये सुरू झालं तेव्हा प्रेक्षकांच्या लायटरने हिरवळीतून झिरपणारा, खालच्या कचऱ्यातला मिथेन वायू पेटला होता! आता तशी भीती नाही. रेंगस्टॉर्फ हाउस हे एकोणिसाव्या शतकातलं घर बाहेरून तरी पाहा, आणि जमिनीत बिळं दिसली तर थांबा. इथे बिळात राहणारी घुबडं आहेत. कुत्रा मात्र घरीच ठेवा, पार्कात परवानगी नाही. अ‍ॅम्फिथिएटरला संध्याकाळी कार्यक्रम असेल तर शोरलाइन बुलेव्हार्ड तुंबायच्या आत, दुपारीच बाहेर पडा.