स्मार्ट मीटर गिरणीत बसला त्याला आता सगळे सिझन झाले: वापरानंतरचा अनुभव

आमची पिठाची गिरणी आणि मसाला कांडप एकाच शेडमध्ये आहे, कराडजवळ. दोन चक्क्या, पल्व्हरायझर (भुकटी करणारं यंत्र), कांडप आणि मिरची वाळवायचा ड्रायर धरून जोडभार, म्हणजे सगळ्या यंत्रांची मिळून ताकद, ४० एचपी, म्हणजे ३० किलोवॅटच्या आसपास. २० किलोवॅटच्या वरचं औद्योगिक कनेक्शन असल्यामुळे टीओडी, म्हणजे वेळेप्रमाणे दर, आम्हाला नवीन नाही. नवीन आहे तो मोबाईलवर दिसणारा मीटर. उन्हाळ्यातला चटणीचा हंगाम, पावसाळ्यातला मंदीचा काळ आणि दिवाळीची भाजणी, सगळं त्याच्यावर काढून झालं, म्हणून आता लिहितोय.

आधी भीतीचं बोलू. मीटर पळतो आणि पैसे आधी भरावे लागतात, या दोन गोष्टी बाजारात सगळ्यांच्या तोंडी होत्या. प्रीपेडचं म्हणाल तर सर्वसामान्य ग्राहकांना तो लावणार नाही, असं तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्येच जाहीर केलं होतं. मलाही बिल पूर्वीसारखं महिन्याने येतं. पळण्याचं म्हणाल तर मी दळणाची वही आणि जुनी बिलं शेजारी ठेवून पोत्यामागे युनिट काढलं. फरक दखल घेण्यासारखा नव्हता. ज्यांच्याकडे चकतीचा जुना मीटर होता त्यांचं बिल वाढलं असेल तर नवल नाही, कारण झिजलेली चकती हळू फिरते.

खरा फायदा झाला तो आलेखाचा. दिवसभराची वीज ठरावीक मिनिटांच्या तुकड्यांत दिसते. बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. गव्हाची चक्की तेवढंच दळण करत होती, पण तिच्या वेळेतली रेघ आठवड्या-आठवड्याला वर सरकत होती. दगड बोथट झाले होते. टाकी लावून, म्हणजे छिन्नीने दगडांना पुन्हा खाचा पाडून घेतल्या, दुसऱ्याच दिवशी रेघ खाली. पूर्वी टाकी कधी लावायची ते पीठ गरम यायला लागलं की कळायचं, म्हणजे तोवर वीज जाऊन चुकलेली असायची. आता युनिट बघून कारागिराला फोन करतो.

कॅपॅसिटरचंही तसंच. मीटरच्या डिस्प्लेवर आकडे एकामागून एक फिरतात, त्यात पॉवर फॅक्टर असतो, म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला लागते त्याचा आकडा; तो एकच्या जवळ ठेवायचं काम कॅपॅसिटरचं. तो .९८ वरून घसरत .८२ ला आला तेव्हा पॅनल उघडलं, तर तीनपैकी एका कॅपॅसिटरचं डबडं फुगलेलं. एवढ्याशा डबड्यापायी बिल वाढतं आणि बिलावर त्याचं कारण कोणी समजावत नाही. गिरणीवाल्यांनो, निदान तो एक आकडा रोज बघा.

आता दराकडे येतो, कारण माझी तक्रार तिथे आहे. पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ वापरलेल्या विजेला युनिटमागे दीड रुपया सूट असायची. कोळशाचे संच रात्री बंद ठेवता येत नाहीत, मागणी मात्र पडते, म्हणून ती स्वस्त. आम्ही मोठ्या ऑर्डरची मिरची रात्रीच कांडायचो. जुलै २०२५ पासूनच्या दरांत ही सूट गेली आणि सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत आली. संध्याकाळी ५ ते रात्री १२ जादा दर. कारण उघड आहे. दुपारी सोलरची वीज भरपूर असते. शेतीला दिवसा सौर वीज देणाऱ्या नुसत्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० चंच लक्ष्य १६,००० मेगावॅटचं आहे. ऊन उतरलं की ती वीज संपते, आणि नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे लागतात. केंद्राच्या २०२३ च्या नियमांतही हेच धरलंय: सौर तासांत दर किमान २० टक्के कमी, आणि व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना गर्दीच्या वेळी मूळ दराच्या किमान १.२० पट.

कारण पटतं. पण पिठाच्या गिरणीला गर्दी कधी होते? मंडळी कामावरून सुटल्यावर, साडेपाच ते आठ. शेजारच्या काकूंना म्हटलं, "काकू, दळण सकाळी आणून टाका, दुपारी काढून ठेवतो." त्या म्हणाल्या, "अरे, डबा दुपारभर तुझ्याकडे राहिला तर दुसऱ्याचं पीठ माझ्यात येईल, मी समोर उभी राहूनच दळून घेणार." त्यांचं चुकत नाही. ज्वारीवर गहू पडला की भाकरी थापताना कळतंच. दळणाचा दर संध्याकाळी जास्त लावावा तर गिऱ्हाईक पुढच्या चौकातल्या गिरणीत जातं.

मसाल्याचं उलट झालं. हॉटेलवाल्यांच्या आणि दुकानदारांच्या ऑर्डरी आम्ही दुपारी काढायला लागलो, ड्रायरही तेव्हाच. रात्रपाळी बंद झाली, माणसंही खूश. तिकडे वाचलेले पैसे इकडच्या संध्याकाळच्या रांगेत गेले. शेवटी बिल थोडं उतरलं, पण गाजावाजा करण्याइतकं नाही. शिवाय ही सूट वीज आकारावरच मिळते. डिमांडचा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती भार ओढला त्याचा आकार आपल्या जागी राहतो. तेव्हा कामाचं घड्याळ तुमच्या हातात असेल (पीठ-मसाल्याचा घाऊक धंदा, बर्फाचा कारखाना, वेल्डिंगची ऑर्डर) तर हा प्रकार फायद्याचा. गिऱ्हाइकाच्या हातात असेल तर नाही.

डिमांडबद्दल एक नियम माहीत असू द्या. स्मार्ट मीटरने दाखवलेल्या कमाल मागणीवरून मीटर बसण्याआधीच्या काळाचा दंड लावता येत नाही. आणि कनेक्शनचा मंजूर भार कंपनीला वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान तीनदा तो ओलांडलेला असावा लागतो. एका उन्हाळ्यात एकदा सगळ्या मोटरी एकत्र चालल्या म्हणून मंजूर भार वाढेल असं घाबरू नका. मोटर चालू होतानाच्या झटक्यालाही नाही, कारण मागणी सरासरीवर मोजली जाते.

बाकी किरकोळ. आमची पत्र्याची शेड, मीटर कोपऱ्यात, त्यामुळे रेंज मधूनच जाते आणि आलेख दोन दिवस रिकामा दिसतो. रीडिंग मीटरमध्ये साठलेलं असतं, नंतर येतं. वीज गेल्याची खबर मीटर आपोआप देतो म्हणतात, पण आमच्याकडे अजून वायरमनला फोन केल्याशिवाय फ्यूज बसलेला नाही.

गुण द्यायचे तर मीटरला पाचपैकी चार, ॲपला तीन, संध्याकाळच्या दराला एक. तो एकही दुपारच्या मिरचीमुळे.