ताशी दर की नमुन्यामागे दर? सामायिक उपकरण बुक करण्याआधी

संशोधन संस्थांमधली सामायिक उपकरणं वापरायची तर आकारणी ताशी असते किंवा नमुन्यामागे. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा (क्ष-किरणांनी पदार्थाची स्फटिकरचना तपासण्याच्या पद्धतीचा) एक साधा हिशोब घ्या. टू-थीटा (किरण वळण्याचा कोन) १० ते ८० अंश, मिनिटाला २ अंश वेग, म्हणजे स्कॅन ३५ मिनिटांत संपतो. तोच स्कॅन बारकाईच्या विश्लेषणासाठी मिनिटाला अर्धा अंश वेगाने लावला की २ तास २० मिनिटं लागतात. ताशी आकारणी असेल तिथे चौपट बिल येतं. नमुन्यामागे दर असेल तिथे रक्कम ठरलेली असते, पण त्या रकमेत बहुतेकदा पहिला, वेगवान स्कॅनच बसतो. म्हणून नुसते दर शेजारी ठेवून तुलना करू नका. त्या दरात नेमकं काय करून मिळणार, ते आधी विचारा.

नमुन्यामागे दर म्हणजे नमुना ऑपरेटरच्या हाती द्यायचा आणि डेटा घेऊन जायचा. मोजमाप ठरलेलं असेल, नमुने मोजकेच असतील, तर मी डोळे झाकून हाच पर्याय घेईन. प्रशिक्षणाचं शुल्क नाही, आणि हात बसेपर्यंत वाया जाणारा वेळही नाही. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर नवख्याचा सुरुवातीचा बराच वेळ व्हॅक्यूम येण्याची वाट बघण्यात, फोकस आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम (प्रतिमा एका दिशेला ताणल्यासारखी दिसण्याचा दोष) जुळवण्यात जातो, आणि ताशी दराचं मीटर तेव्हाही चालूच असतं.

पण काहीतरी शोधायचं असेल तर गोष्ट वेगळी. पृष्ठभागावरची एखादी बारीक भेग, हजारात एखादाच दिसणारा कण. ऑपरेटर ठरल्याप्रमाणे चार-पाच चांगल्या प्रतिमा देईल, पण तुमच्या मनात काय आहे ते त्याला कसं कळणार? अशा वेळी ताशी स्लॉट घ्या आणि स्वतः शेजारी बसा. नमुने महिनोन्‌महिने येत राहणार असतील तर प्रशिक्षण घेऊन टाका, तो खर्च वसूल होतो. फक्त बरेच दिवस उपकरण वापरलं नाही तर परवानगी पुन्हा घ्यावी लागते का, तेवढं विचारून ठेवा.

ताशी दरात खरी बचत स्लॉटच्या आधी, आपल्या प्रयोगशाळेतल्या बाकावर होते. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेणूंची रचना तपासणाऱ्या उपकरणात) द्रावण निम्मं विरळ असेल तर तेवढाच स्वच्छ सिग्नल मिळवायला चौपट स्कॅन लागतात. एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ तर निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम १.१ टक्के, तिथे विरळ नमुना रात्रभर मशीन अडवतो. मी एकदा नीट न वाळलेला नमुना मायक्रोस्कोपमध्ये ठेवला होता. व्हॅक्यूम येईचना. एकही प्रतिमा मिळाली नाही आणि शुल्क पूर्ण स्लॉटचं भरावं लागलं. तेव्हा वाईट वाटलं, पण नियम बरोबरच होता. एनएमआरच्या चुंबकातलं ४.२ केल्विनवरचं द्रव हेलियम कुणी येवो न येवो, उडतच राहतं, आणि देखभालीचा करारही रिकाम्या तासांसाठी थांबत नाही. रिकाम्या गेलेल्या स्लॉटचा खर्च कुणाला तरी उचलावाच लागतो.

त्यामुळे दरापेक्षा बुकिंगचे नियम मी जास्त लक्ष देऊन वाचते. आकारणी बुक केलेल्या वेळेची की लॉग-इन ते लॉग-आउटची? काही ठिकाणी दोन्हींतली जी जास्त असेल ती धरतात. तिथे धास्तीपोटी तीन तास अडवून दीड तासात उठलात तर नुकसान तुमचंच. बुकिंग किती तास आधीपर्यंत फुकट रद्द होतं? मशीनच बंद पडलं तर पैसे परत मिळतात का? नमुन्यावरचा सोन्याचा थर, ग्रिड (नमुना ठेवायची बारीक जाळी), कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करणारी नळी) यांचे पैसे वेगळे का? रात्रीचे स्लॉट पुष्कळदा स्वस्त असतात, लांबलचक टाइमलॅप्ससाठी ते उत्तम.

दराचे टप्पे साधारण तीन: संस्थेतले, बाहेरच्या शैक्षणिक संस्थांमधले आणि उद्योगातले. संयुक्त प्रकल्प असेल तर बिल कुणाच्या अनुदानातून जाणार यावर टप्पा ठरू शकतो, तेव्हा ते बुकिंगच्या आधीच लेखी घ्या.