चित्रकार्डांचा सेट, सात महिन्यांनी: कार्डं चांगली, वेल्क्रोनं वाट लावली

सेट घेतला १४५० ला. न बोलणाऱ्या पोरानं हवं त्या वस्तूच्या चित्राचं कार्ड देऊन ती मागायची, त्यासाठीचा. लॅमिनेट केलेली कार्डं, फाईल, वाक्याची पट्टी, आत काय काय असतं ते ऑटिझम असलेल्या पोरांच्या घरी माहीतच असतं. आमचा पाच वर्षांचा, शब्द दोन-तीनच. मला बोलायचंय ते कार्डं फाईलला चिकटवायच्या वेल्क्रोबद्दल.

कार्ड ओढलं की चर्रर्र. आपल्याला काही वाटत नाही, पण ह्याला कुकरची शिट्टीसुद्धा सोसत नाही, हा कान दाबून कॉटखाली. तीन आठवडे फाईल दिसली की पळायचा आणि आम्हाला वाटलं ह्याला चित्रंच कळत नाहीत. थेरपीच्या मॅडमनी ओळखलं, "ताई, कार्डाला नाही, आवाजाला घाबरतोय तो." त्यात दोन महिन्यांत ते वेल्क्रो गोंदासकट सुटायला लागलं. फोन केला तर परत घ्यायची मुदत सातच दिवस होती म्हणे, नवीन रोल विकत घ्या. आवाजाचं सांगितलं तर म्हणतात वेल्क्रोला आवाज असतोच. अहो ह्याच पोरांसाठी म्हणून विकताय ना, मग त्यांच्या कानाचा विचार कोण करणार? अजून राग जात नाही माझा.

मग मिस्टरांनी वेल्क्रो काढून मागं चुंबकाची शीट चिकटवली. आधी घरातल्या स्टीलच्या ताटावर लावून बघितलं, चिकटेना, सगळ्या स्टीलला चुंबक धरत नाही. शेवटी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं. आवाज नाही, काही नाही. बटणासारखे सुटे चुंबक मात्र अजिबात घेऊ नका, पोरानं दोन गिळले तर आतड्यात एकमेकाला ओढून भोक पाडतात. चपटी शीटच घ्या.

तेव्हा एक स्टार देणार होते, आता तीन देते, कारण पद्धत चांगली आहे. पेक्स, म्हणजे चित्रकार्ड देऊन मागायला शिकवायची ही पद्धत, १९८५ साली अमेरिकेत डेलावेअरमध्ये बॉंडी आणि फ्रॉस्ट यांनी काढली आणि आम्ही ती उलटीच करत होतो, कार्ड समोर धरून सारखं "काय पाहिजे? सांग, काय पाहिजे?" तो प्रश्न सहा टप्प्यांतल्या पाचव्यात येतो! पहिल्यात विचारायचंच नाही. एकानं समोर आवडीची वस्तू धरायची, दुसऱ्यानं पोराच्या मागं बसून, तोंडातून शब्द न काढता, त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावायचं, आणि कार्ड मिळालं की लगेच नाव घेऊन वस्तू द्यायची. सासूबाई मागं, मी समोर भडंग घेऊन. सेटमध्ये पॅनकेक आणि स्ट्रॉबेरी, सांगलीत कोण पॅनकेक मागतंय? आमच्याच वाटीतल्या भडंगाचा फोटो काढला, गणपती पेठेतून प्रिंट आणि लॅमिनेशन करून आणलं. नवव्या दिवशी कुणी हात न धरता त्यानं ते कार्ड माझ्या हातात ठेवलं. मी रडले.

सासूबाईंना भीती होती की चित्रं दिली तर बोलायचंच सोडेल. चित्रांनी बोलणं बंद पडत नाही, मॅडमनी नीट समजावलं त्यांना. आता कार्ड देताना "भड" म्हणतो.

शाळेतल्या बाईंनाही एक झाकण करून दिलंय, त्यावर आधी काय, मग काय अशी दोन कार्डं लावतात, आधी डबा, मग झोका.

आणि तुम्ही हाच सेट घेऊन बसला असाल तर कार्डं टाकू नका. हेअर ड्रायरची हवा लांबून थोडी द्या, गोंद मऊ पडला की वेल्क्रो हळूच सोलून काढा. जवळ धरलं तर लॅमिनेशन फुगतं, माझी दोन कार्डं तशीच गेली. आणि हे काम पोरगा शाळेत असताना करा, ड्रायरचाही आवाज असतो.